वादग्रस्त दुर्घटनेवर पुस्तक लिहिताय? कोल्हापुरातून कागद मागताना अर्ज कुठे अडतो

कोल्हापूरच्या इतिहासात वादाच्या जागा कमी नाहीत. चौथे शिवाजी महाराज 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात नेमके कसे वारले, यावर अजूनही दोन तट पडतात. 2019 चा महापूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणानं आणला की पावसानं, याचा निकाल तर चहाच्या गाड्यावर रोज लागतो. अशा विषयांवर पुरावे गोळा करून लिहू पाहणारी मंडळी वाढली आहेत, हे चांगलंच. पण त्यांचे अर्ज धडाधड परत येतात, आणि बहुतेकांचं कारण एकच असतं. अर्जदार विचारतो, ‘काय घडलं?’ टेबलामागच्या माणसाला हवा असतो फाईलचा विषय, वर्ष आणि शाखा. तेवढं नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर त्याला सगळ्यात सोपं पडतं.

आधी कागद कुणाकडे आहे ते ठरवा

1883 चंच प्रकरण घ्या. विषय कोल्हापूरचा, म्हणून लोक थेट इथल्या पुरालेखागारात जातात आणि ‘महाराजांच्या मृत्यूची फाईल’ मागतात. तिथे आहे ते करवीर संस्थानचं दप्तर. महाराज त्या वेळी होते अहमदनगरला, म्हणजे ब्रिटिश मुलखात, ब्रिटिशांच्या देखरेखीखाली. त्यामुळे तिथल्या घटनेचा पत्रव्यवहार मुंबई सरकारच्या राजकीय खात्याच्या 1883 आणि 1884 च्या खंडांत शोधावा लागतो, आणि ते पाहायला मुंबईचं पुराभिलेख संचालनालय गाठावं लागतं. हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. भारतमंत्र्यांच्या कचेरीचं, म्हणजे ‘इंडिया ऑफिस’चं, दप्तर लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. शोधताना नगरचं आजचं नाव अहिल्यानगर टाकून काही हाती लागणार नाही. जुन्या इंग्रजी सूच्यांत कोल्हापूरचं स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी येतं, तेव्हा सगळी टाकून बघा.

याच प्रकरणाचा आधीचा अध्याय, म्हणजे 1882 चा बदनामीचा खटला, चालला मुंबई उच्च न्यायालयात. दिवाण माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असं सुचवणारी पत्रं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं खरी मानून छापली. कोर्टात ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खरी होती, तरी पत्रं खोटी ती खोटीच. त्यामुळे ‘अमक्यांच्या वाड्यात मूळ पत्र आहे, मोबाईलवर फोटो पाठवतो’ असं कुणी म्हणालं की हुरळून जाऊ नका. ते पत्र कुठल्या दप्तरातलं, कुठल्या रुमालातलं (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातलं), त्याची आवक-जावक नोंद कुठे आहे, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत ते पुस्तकात पुरावा म्हणून घालू नका. ऐकीव म्हणून घाला, हवं तर.

पुरालेखागारातला प्रवेश आणि कुणाकडेच नसलेलं पत्र

अर्ज साधा आहे: नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, अभ्यासाचा विषय, कालखंड, कुठली दप्तरं पाहायची. इथपर्यंत कुणी अडत नाही. घोडं अडतं ते संस्थेच्या शिफारसपत्रापाशी. विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्याला मार्गदर्शक पत्र देतात. निवृत्त शिक्षक, वकील, पत्रकार किंवा दुकान सांभाळून इतिहास लिहिणाऱ्या माणसानं ते आणायचं कुठून? नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असा माणूस कधी आलेलाच दिसत नाही. निम्मे स्वतंत्र लेखक इथूनच माघारी फिरतात.

फिरू नका. जवळच्या महाविद्यालयाचे प्राचार्य किंवा इतिहास विभागप्रमुख, तुम्ही सभासद असलेलं जुनं नोंदणीकृत ग्रंथालय, किंवा पुस्तक छापायला तयार असलेला प्रकाशक यांच्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या. पत्र ‘यांना सहकार्य करावे’ एवढंच नको. विषय, कालखंड आणि ‘सदर व्यक्ती आम्हांस परिचित आहे’ हे वाक्य त्यात हवं. जावक क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. जावक क्रमांक नसलेलं पत्र परत येतं, आणि या एका आकड्यापायी माणसं गडहिंग्लज-चंदगडहून पुन्हा एसटीनं आलेली पाहिली आहेत. पत्र मिळतच नसेल, तर तसं स्पष्ट लिहून आधीचं छापील लेखन जोडा आणि अधिकाऱ्यांची वेळ मागा. माणूस समोर बसला की बऱ्याचदा मार्ग निघतो.

विषय लिहितानाही जरा धोरण ठेवा. ‘महाराजांच्या खुनाचा शोध’ असं लिहिलंत की समोरचा सावध होतो, आणि तुम्ही निष्कर्ष आधीच काढलाय हेही उघड होतं. ‘करवीर संस्थानचा कारभार, 1871 ते 1884’ असं लिहा. खोटं तर नाहीच, आणि दत्तकविधानापासून मृत्यूपर्यंतचे सगळे रुमाल त्यात बसतात.

मोडीचा प्रश्न वेगळाच. संस्थानचे बरेचसे कागद मोडीत आहेत, आणि कुणबी नोंदींच्या शोधापासून मोडी वाचणाऱ्यांना भलताच भाव आला आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. ते केलेत तर निदान तारीख, नाव आणि कागदाचा विषय तुमचा तुम्हाला ओळखता येईल. पूर्ण वाचन जाणकाराकडूनच करून घ्या आणि लिप्यंतर कुणाचं ते पुस्तकात नोंदवा. प्रती, फोटो, शुल्क यांचे नियम तिथल्या खिडकीवर विचारा. न विचारता मोबाईल काढू नका.

अलीकडच्या घटना: माहिती अधिकार

इथला पहिला नियम पुरालेखागाराच्या बरोबर उलटा आहे. माहिती का हवी, हे सांगायची गरज नाही. कलम 6(2) तसं स्पष्ट म्हणतं. तरीही लोक ‘मी महापुरावर ग्रंथ लिहीत असून’ अशी प्रस्तावना करतात. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि साधारण 150 शब्दांत बसवायचा आहे. प्रस्तावनेतच साठ-सत्तर शब्द गेले की मागणीला जागा उरत नाही. शिवाय अर्ज व्यक्तीनं, स्वतःच्या नावानं आणि सहीनं करायचा. हा हक्क नागरिकाला आहे, म्हणून ‘अमुक प्रकाशनातर्फे’ लिहिलेला अर्ज फेटाळायला आयतं निमित्त मिळतं. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, पोच घ्या, संपलं.

आता मागणी. ‘2019 चा पूर अलमट्टीमुळे आला काय, त्यास जबाबदार कोण?’ हा प्रश्न झाला. अस्तित्वात असलेला कागद मागता येतो. खुलासा करायला, मत द्यायला अधिकारी बांधील नाही. तेच असं लिहा: ‘राजाराम बंधारा येथील पाणीपातळीच्या नोंदवहीची प्रत, 25 जुलै ते 15 ऑगस्ट 2019’ आणि ‘राधानगरी धरणाच्या विसर्गाच्या नोंदी, त्याच कालावधीच्या’. पंचगंगेवरच्या या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. पाणी कधी 43 वर गेलं आणि लोकांना हलवण्याचे आदेश किती वाजता निघाले, हे दोन कागद शेजारी ठेवले की जबाबदारीचा प्रश्न विचारावा लागत नाही. आदेश महसूल खात्याकडे, पातळीची नोंद जलसंपदाकडे, म्हणून अर्ज दोन करायचे. 2019 च्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवालही याच वादातला. त्याची प्रत मागताना परिशिष्टांसह मागा, नाहीतर नुसता गोषवारा हातात पडेल.

अलमट्टीच्या विसर्गाची मूळ नोंद कर्नाटकाकडे. ती इथल्या कार्यालयाकडे मागून ‘आमच्याशी संबंधित नाही’ हेच उत्तर येणार. तिथे वेगळा अर्ज करावा लागतो, केंद्रीय जल आयोगाकडे आणखी एक. महाराष्ट्राचं कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या अर्जाला चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा. दहा रुपयांसाठी अर्ज महिनाभर लटकतो ते इथे.

फाईल मागाल तेव्हा ‘टिपणी भाग आणि पत्रव्यवहार भाग, दोन्ही’ असे शब्द घाला. नुसतं ‘फाईलची प्रत’ म्हटलं की पत्रव्यवहार तेवढा मिळतो. कुणी काय शेरा मारला, कुणी आठ दिवस फाईल दाबून ठेवली, हे सगळं टिपणीत असतं, आणि पुस्तकाला जीव तिथूनच येतो.

किती पानं आहेत, कुठली हवीत, हे माहीत नसेल तर आधी पाहणी मागा. पहिला तास फुकट. शिवाय शासनाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. या निर्णयाची प्रत खिशात ठेवूनच जा. ‘असं काही आमच्याकडे आलेलं नाही’ असं ऐकायची तयारीही ठेवा.

नकार आला तर त्यात काय लिहिलंय ते वाचा

‘अभिलेख उपलब्ध नाही’ हा नकार सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त लोक इथे हात टेकतात. सरकारी कागदांचे वर्ग असतात: अ वर्ग कायम जपायचा, ब वर्ग 30 वर्षं, क वर्गातले त्याहून कमी, ड एक वर्ष. म्हणजे कागद नसेल तर तो केव्हातरी, कुणाच्या तरी आदेशानं नष्ट झालेला असायला हवा. पुढचा अर्ज त्याचाच करा: ‘सदर फाईलचे वर्गीकरण, ती नष्ट केल्याचा आदेश आणि नष्ट अभिलेखांच्या नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत’. यावर दोनपैकी एक होतं. नोंद मिळते, किंवा अचानक फाईल सापडते.

‘तपास सुरू आहे’ म्हणून कलम 8(1)(ज) लावतात. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही. माहिती दिल्यानं तपासाला अडथळा कसा येईल, हे त्यांनी सांगायला हवं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2007 मध्ये ‘भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त’ या खटल्यात म्हटलं आहे. अपिलात हे लिहा.

‘वैयक्तिक माहिती’ हा नकार आता वाढणार, कारण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं 8(1)(ञ) चं कलम पार आवळलं आहे. मृतांची आणि मदत मिळालेल्यांची नावं-पत्ते मागू नका. गावनिहाय आकडे मागा, किंवा कलम 10 प्रमाणे नावं झाकून प्रत मागा. तसंही ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला विचारल्याशिवाय नाव छापणं बरं दिसत नाही.

आणि कलम 8(3). हे फार कमी जणांना माहीत असतं, माहिती अधिकाऱ्यांनाही. अर्जाच्या तारखेपूर्वी 20 वर्षं झालेल्या घटनेची माहिती 8(1) मधली क (देशाची सुरक्षा वगैरे), ग (विधिमंडळाचा विशेषाधिकार) आणि झ (मंत्रिमंडळाचे कागद) ही कारणं सोडली तर बाकी कुठल्याही कारणानं अडवता येत नाही. 2005 च्या जुलैमधला महापूर आता या कलमात बसतो. 2019 च्या पुराला अजून अवकाश आहे. दोन्हींवर लिहीत असाल तर अर्ज वेगवेगळे करा.

कोर्टाचे कागद

खटल्यातले कागद माहिती अधिकारात मागू नका. ते न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मिळतात, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. तुम्ही पक्षकार नाही, तेव्हा नकलेच्या अर्जात प्रत का हवी ते पटेल असं लिहावं लागतं. खटला क्रमांक, वर्ष आणि निकालाची तारीख नसेल तर नकला विभाग हात लावणार नाही. हे तपशील बहुधा त्या वेळच्या वर्तमानपत्रांत मिळतात. त्यासाठी करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय गाठा.

मुदतीचा घोळ

तीस दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयात पोचल्यापासून, तुम्ही पोस्टात टाकल्यापासून नव्हे. सहायक माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर आणखी पाच. उत्तर आलं नाही, तर तिसाव्या दिवसानंतर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. लोक मात्र ‘येईल, येईल’ म्हणत वाट बघतात आणि नेमकी हीच मुदत घालवतात. ‘इतकी पानं आहेत, दोन रुपयांप्रमाणे रक्कम भरा’ असं पत्र आलं की काहींना तो नकार वाटतो. तो होकार असतो. पैसे भरेपर्यंतचे दिवस तिसात धरत नाहीत, म्हणून लगेच भरा.

पहिल्या अपिलाला 20 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, निर्णय 30 दिवसांत, फार तर 45. तिथेही नाही जमलं तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पुस्तकाचं अख्खं प्रकरण एका अपिलावर टांगून ठेवू नका. अपिलासोबत मूळ अर्ज, पोच, आलेलं उत्तर आणि पहिल्या अपिलाचा निर्णय, सगळ्याच्या प्रती जोडा. पोच नसेल तर स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगचा कागद चालतो. तो लगेच छापून ठेवा, काही महिन्यांनी ती नोंद पोस्टाच्या साइटवर दिसत नाही.