टंगस्टनच्या जुन्या ठेवीसाठी लिलावाचा प्रस्ताव: पात्रता, कागदपत्रे आणि हमखास अडणाऱ्या जागा

नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना परिसरात टंगस्टन आहे ही बातमी नवी नाही; भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जुन्या कामांत त्याची नोंद आहे. राजस्थानातील डेगाणा येथे तर प्रत्यक्ष खाण चालली आणि भाव कोसळल्यावर 1990च्या दशकात ती बंद पडली. ऑगस्ट 2023 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन टंगस्टन, कथील, लिथियम यांसह 24 खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे गेला, आणि अशा जुन्या ठेवींची विचारपूस पुन्हा सुरू झाली. लिलाव केंद्र करते, परवाना मात्र राज्यच देते, हे आधी लक्षात घ्यावे.

नोव्हेंबर 2021च्या नियमांनुसार उपलब्ध भूवैज्ञानिक माहितीच्या आधारे कोणीही संयुक्त परवान्यासाठी (आधी शोध आणि पुढे खाणकाम असा एकत्र परवाना) क्षेत्र सुचवू शकतो. राज्याची समिती ते तपासून शिफारस करते, आणि ते क्षेत्र लिलावात आले तर सुचवणाऱ्याला बोलीची अनामत निम्मीच भरावी लागते. परवाना धारण करण्यासाठी भारतीय नागरिक असणे किंवा कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असणे आवश्यक आहे.

येथे दोन गैरसमज वारंवार दिसतात. सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून लिलावाशिवाय परवाना मिळेल, असे काही शेतकरी मानतात. तसे होत नाही. दुसरे म्हणजे वडिलांनी 1990च्या सुमारास केलेला अर्ज आणि त्याची शिक्क्याची पोच. 12 जानेवारी 2015 पूर्वीचे प्रलंबित अर्ज काही अपवाद वगळता कायद्यानेच अपात्र ठरले, आणि त्या अपवादांपैकी बरेचसे हक्क मार्च 2021च्या दुरुस्तीने संपले. ती पोच जपून ठेवावी, पण प्रस्तावाला जोडून उपयोग नाही.

खरी अडचण होते ती क्षेत्राच्या सीमेची. जुन्या अहवालांतील नकाशे एव्हरेस्ट या जुन्या मापनपद्धतीच्या टोपोशीटवर (सर्वेक्षण नकाशावर) आखलेले असतात. त्यावरून अक्षांश-रेखांश वाचून ते आजच्या उपग्रहाधारित पद्धतीचे म्हणून लिहिले, तर सीमा जमिनीवर चांगलीच सरकते. गारेच्या (क्वार्ट्झच्या) अरुंद शिरेत टंगस्टन असेल, तर तेवढ्याने शीरच क्षेत्राबाहेर जाते किंवा शेजारच्या वनकक्षात शिरते. म्हणून कोपऱ्याचे बिंदू जागेवर जाऊन डीजीपीएसने (अधिक अचूक जीपीएस यंत्राने) मोजावेत, गाव नकाशावर गट क्रमांकांसह बसवावेत आणि मगच नागपूरच्या भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालयाकडे ते क्षेत्र मोकळे असल्याची विचारणा करावी. हा क्रम उलटा केला, तर मोकळेपणाचे उत्तर एका क्षेत्राचे आणि प्रस्ताव दुसऱ्याच क्षेत्राचा, अशी गत होते. आणि त्रुटीच्या पत्रात ‘माहिती अपूर्ण’ एवढेच लिहून येते, नेमके काय अपूर्ण आहे ते अर्जदाराने ओळखायचे.

दुसरी अडचण जुन्या विश्लेषणांची आहे. त्या काळी टंगस्टनसाठी शोध घेताना सोबतच्या इतर धातूंकडे फारसे पाहिले जात नसे. डेगाण्याच्या खडकात लिथियमयुक्त अभ्रक असूनही खाण चालली ती वोल्फ्रामाइट या टंगस्टनच्या खनिजासाठी. त्यामुळे जुन्या तक्त्यांची छायाप्रत जोडून थांबू नये. डिसेंबर 2023 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारातून भू-रासायनिक आणि हवाई भूभौतिकीय माहिती घ्यावी, जुने कोअर (छिद्रणातून काढलेले खडकाचे नमुने) उपलब्ध असल्यास त्यांचे आयसीपी-एमएस या अल्प प्रमाणातील मूलद्रव्येही मोजणाऱ्या पद्धतीने फेरविश्लेषण करावे, आणि जुना आकडा कोणता व नवा कोणता हे स्वतंत्र रकान्यांत दाखवावे. माहिती तुटपुंजी असली की बोलीदारही येत नाहीत: केंद्राच्या पहिल्या फेरीतील 20 खंडांपैकी 13 खंडांचा लिलाव मार्च 2024 मध्ये रद्द करावा लागला, आणि त्यात जम्मू-काश्मीरमधील रियासीचा गाजलेला लिथियम खंडही होता.

जमिनीची स्थिती लपवू नये. मदुराई जिल्ह्यातील नायक्करपट्टी टंगस्टन खंडाचा लिलाव पूर्ण होऊनही जैवविविधता वारसा स्थळ आणि ग्रामस्थांचा विरोध यांमुळे जानेवारी 2025 मध्ये तो रद्द झाला. वन, देवराई, तलाव, वस्ती जे असेल ते नकाशावर आधीच दाखवलेले बरे.

शेवटी परवान्याच्या प्रकाराविषयी. ठेवीचा प्राथमिक पुरावा हाती असेल, तर संयुक्त परवाना योग्य, कारण त्यात पुढे खाणपट्टा मिळण्याची वाट आहे. 2023च्या दुरुस्तीने आलेला अन्वेषण परवाना वेगळा. त्याचा देशातील पहिला लिलाव मार्च 2025 मध्ये गोव्यात 13 खंडांसाठी जाहीर झाला. त्यात शोध घेणाऱ्याला खाणपट्टा मिळत नाही, तर पुढील लिलावातील अधिमूल्याचा (खाणपट्टा घेणारा बोलीनुसार सरकारला देतो त्या रकमेचा) हिस्सा मिळतो, आणि सर्वांत कमी हिस्सा मागणारा बोली जिंकतो. त्याची मुदत पाच वर्षे असून ती आणखी दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. परंतु ही वाढ आपोआप मिळत नाही. तिचा अर्ज तीन वर्षे पूर्ण झाल्यानंतर आणि पाच वर्षे संपण्यापूर्वी करावा लागतो. तिसऱ्या वर्षानंतर मूळ क्षेत्राच्या जास्तीत जास्त 25 टक्के भागच ठेवता येतो, तोही कारणांसह अहवाल दिल्यावर. काम संपल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीन महिन्यांत भूवैज्ञानिक अहवाल सादर करावा लागतो. प्रयोगशाळेचे निकाल तोवर हाती असावेत, यासाठी नमुने शेवटच्या हंगामापर्यंत साठवून ठेवू नयेत.