पाळीव कुत्र्यांची शिकारी वृत्ती (नाशिक परिसर)

घरात वाढलेल्या, दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या कुत्र्यातही टिकून असलेली सावज हेरण्याची, त्याच्या मागे धावण्याची आणि ते पकडण्याची उपजत ओढ म्हणजे शिकारी वृत्ती. नाशिकमध्ये हा विषय रोजच्या व्यवहाराचा आहे, कारण इथे शहर संपते तिथेच मळे सुरू होतात. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी या बाजूंना सोसायटीच्या कंपाउंडपलीकडे द्राक्षबाग असते, बांधावर मुंगूस आणि धामण असते, कांदा साठवायच्या चाळीखाली घुशी असतात आणि उसाच्या आडोशाला कधीमधी बिबट्याही. गंगापूर रोडवर पट्ट्यात फिरणारा लॅब्रेडॉर आणि निफाडच्या वस्तीवर मोकळा राहणारा गावठी, दोघांत ओढ एकच असते. ती कुठवर जाते, यात मात्र फार फरक पडतो.

साखळी आणि तिच्या कड्या

शिकार ही कृतींची साखळी आहे. वास किंवा आवाजावरून दिशा घेणे, नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग, झडप, मान झटकून मारणे, फाडणे आणि खाणे, असा तिचा क्रम. लांडग्यात ती शेवटपर्यंत जाते, कारण त्याचे पोट तिच्यावर चालते. कुत्र्यांत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदास करून हवी ती कडी वाढवली आणि नको ती बोथट केली. बॉर्डर कॉलीत नजर आणि दबा टोकाला नेला, चावा दाबला. म्हणून ती मेंढ्या वळवते, मारत नाही. लॅब्रेडॉर पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी वापरला गेला, त्यामुळे त्याला काहीतरी तोंडात धरून मिरवल्याशिवाय चैन पडत नाही. डॅशहुंड बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्यामागे सोडण्यासाठी घडवला गेला; त्याचे नावच जर्मन भाषेत त्या प्राण्यावरून पडले आहे. आखूड पाय, लांब अंग आणि खणण्याचा हट्ट हे सगळे त्या एका कामाचे. बीगल नाकावर चालतो. महाराष्ट्रातला कारवान नजरेवर चालतो: दूरवर हलणारा ससा दिसला की निघालाच.

गावठी कुत्र्यात कोणतीच कडी मुद्दाम बोथट केलेली नसते. मळ्यातला गावठी घूस मारून बऱ्याचदा ती खातोही. लॅब्रेडॉर तीच घूस दारात आणून ठेवतो आणि शेपूट हलवत उभा राहतो.

म्हणून आपला कुत्रा कोणत्या कडीवर अडतो हे आधी ओळखावे लागते. माग सापडलेल्या बीगलला कितीही हाका मारल्या तरी फुकट. नाक जमिनीला टेकले की कान बंद झाले असे समजावे आणि ते टेकण्याआधीच वळवावे. कारवानला उघड्या माळावर मोकळे सोडू नये. त्याला पळायला कुंपणाची जागा हवी आणि कुंपण किमान सहा फूट. डॅशहुंड, टेरियर अशांना उंचीपेक्षा खालची बाजू महत्त्वाची: जाळी जमिनीत फूटभर गाडली नाही तर ते एका दुपारीत पलीकडे जातात. फ्लॅटच्या गॅलरीत कबुतरावर टपलेला स्पिट्झ (आपल्याकडे सरसकट ‘पॉमेरियन’) हा प्रकार लहान वाटतो, पण गजांतले अंतर जास्त असेल तर झडप थेट खाली जाते.

ताणाच्या खुणा

कांदाचाळीजवळ हे सगळे काही क्षणांत पाहायला मिळते. चाळीची फळी जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली असते, हवा खेळावी म्हणून. त्याच पोकळीत उंदीर-घुशी राहतात. कुत्रा चालता चालता थबकतो. आतापर्यंत धापा टाकणारे तोंड एकदम मिटते. कान पुढे, शेपूट ताठ, एक पुढचा पंजा अधांतरी. डोके किंचित डावीकडे कलते, मग उजवीकडे, आवाजाची जागा पक्की करण्यासाठी. अंगाचा भार पुढे येतो. मग उंच उडी, दोन्ही पंजे एकाच वेळी जमिनीवर, आणि तोंड फळीखाली.

यातली सर्वांत कामाची खूण म्हणजे मिटलेले तोंड. त्यानंतर मालकाच्या हाती दोन-तीन सेकंद असतात. या वेळेत नावाने हाक मारली तर बहुतेक कुत्रे वळतात. पाठलाग सुरू झाल्यावर तोच कुत्रा ठार बहिरा होतो. पाठलाग हे स्वतःच बक्षीस असते, सावज हाती लागो न लागो. म्हणून ‘एकदा पळू दे, दमेल आणि सोडेल’ हा सल्ला उलटा पडतो. प्रत्येक पाठलागाने सवय पक्की होत जाते.

मोटारसायकलीमागे लागणारा कुत्रा बऱ्याच अंशी हेच करतो, त्यात हद्द राखण्याचा भाग मिसळतो. गाडी थांबली की त्याची साखळी तुटते आणि तो गोंधळून बाजूला होतो. पाय उचलून वेग वाढवणारा दुचाकीस्वार नकळत सावजासारखा वागत असतो.

समजुती

पोट भरलेला कुत्रा शिकार करत नाही, ही सगळ्यांत पसरलेली चुकीची समजूत. भूक आणि पाठलागाची ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत. भूक असली तर फार तर शेवटची, खाण्याची कडी जोडली जाते. नसबंदीने भटकणे कमी होऊ शकते, पाठलाग सहसा नाही. कच्चे मांस दिल्याने किंवा ‘रक्ताची चव लागल्याने’ कुत्रा माणसांवर जातो, यालाही आधार नाही. शिकार आणि रागाने अंगावर जाणे ही वेगळी वर्तने आहेत: रागात गुरगुर असते, दात दिसतात; शिकारीच्या दब्यात कुत्रा बहुधा गप्प असतो. मात्र रांगणारे मूल किंवा किंचाळत पळणारी पोरे काही कुत्र्यांत पाठलाग जागा करतात, हे खरे आहे. मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय त्यांना एकत्र ठेवू नये.

मारलेली खार दारात आणली म्हणून काठीने बडवणे निरुपयोगी. कुत्रा त्यातून शिकार सोडायला शिकत नाही, पकडलेले लपवायला किंवा घाईने गिळायला शिकतो. गिळणे सर्वांत वाईट, कारण घुशीच्या पोटात विष असू शकते. त्याऐवजी ‘सोड’ हा शब्द अदलाबदलीतून शिकवावा: तोंडातली वस्तू सोडली की तिच्याहून चांगली मिळते.

आणि ‘छू’. मांजरावर, माकडावर, फुगेवाल्यावर गंमत म्हणून छू म्हणणारी गल्लीतली पोरे ही प्रशिक्षणातली मोठी अडचण आहे. आठवडाभराची मेहनत दोन छूंमध्ये जाते.

सराव

लागणारे सामान थोडे: छातीवर बसणारा हार्नेस, 10 मीटर लांब आणि साधारण 10 मिमी जाडीची दोरी, आणि हरभऱ्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे. लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नये. धावत दोरीच्या टोकाला पोचलेल्या कुत्र्याच्या मानेला जबर झटका बसतो. दोरीला दर दीड-दोन मीटरवर गाठ मारावी, म्हणजे ती हातातून सरकून तळवा भाजत नाही. मनगटाला वेढा कधीही देऊ नये. 30 किलोचा लॅब्रेडॉर 10 मीटर धावून ताणला की धडधाकट माणूस आडवा होतो.

सुरुवात गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये करावी. नाव घ्यावे, मान वळली की तुकडा. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, दहा-पंधरा तुकडे पुरे. दहापैकी आठ वेळा झटकन वळू लागला की मैदानावर न्यावे आणि चरणाऱ्या शेळ्यांपासून 50 मीटरवर तेच करावे. कुत्र्याने तुकडा घेतलाच नाही, तर शेळ्या फार जवळ आहेत, मागे सरकावे. जमत गेले की दर वेळी पाचेक मीटर पुढे. यात आठवडे जातात, कधी महिने.

सराव बिघडतो तो बहुधा दोन चुकांनी. पहिली म्हणजे कुत्रा पळत सुटल्यावर ‘ये, ये, ये’ ओरडत राहणे. न मानलेली प्रत्येक हाक तो शब्द मारते. दुसरी, ‘ये’ म्हटल्यावर दर वेळी पट्टा अडकवून घरी नेणे. कुत्रा हिशेबाला पक्का असतो. पाचपैकी चार वेळा तुकडा देऊन पुन्हा मोकळे सोडावे. अडीअडचणीसाठी शिट्टीचा वेगळा आवाज ठेवावा, आठवड्यातून दोन-तीनदाच वाजवावा आणि प्रत्येक वेळी मूठभर चिकन द्यावे.

ओढ दाबून टाकता येत नाही, तिला वाट द्यावी लागते. चार फुटी पीव्हीसी पाइपच्या टोकाला सहा-सात फूट दोरी आणि दोरीला जुन्या कापडाचा गठ्ठा बांधला की पाठलागाचे खेळणे तयार होते. ते जमिनीलगत गोल फिरवावे, हवेत उडवू नये. पाच ते दहा मिनिटे पुरतात; वर्ष-सव्वा वर्षाखालच्या पिल्लांना उड्या मारू देऊ नयेत, सांधे घडत असतात. शेवटी गठ्ठा पकडू द्यावा, नाहीतर कुत्रा चिडचिडा होऊन घरभर सावज शोधत राहतो. टेरियर जातींना त्यानंतर पुठ्ठ्याचा खोका फाडायला द्यावा. बीगलसाठी हे खेळणे कामाचे नाही. त्याचे अर्धे जेवण गवतात विखरून द्यावे, वीस मिनिटे हुंगण्यात तो जास्त दमतो.

नाशिकच्या ऋतूंतले धोके

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत राहतो. या काळात चाळीभोवती उंदरांचे औषध टाकलेले असते. झिंक फॉस्फाइडने मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर काही तासांत उलट्या, धाप, झटके येऊ शकतात. अशा वेळी दूध-भाकरी भरवू नये, कारण पोटातले आम्ल वाढून विषारी वायू जास्त सुटतो. उलटीजवळ नाक नेऊ नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ब्रोमाडायोलोनच्या वड्यांचा परिणाम मात्र तीन ते पाच दिवसांनी, रक्तस्रावाच्या रूपात दिसतो आणि तोवर मालक निर्धास्त असतो. त्यावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे. औषधाचा रिकामा पुडा डॉक्टरांकडे सोबत न्यावा, कारण दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

चाळीतला कांदाही निरुपद्रवी नाही. 10 किलोच्या कुत्र्याला दीडशे ते तीनशे ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मध्यम कांदे बाधू शकतात, कच्चे असोत की शिजलेले. हिरड्या फिक्या आणि लघवी गडद होते ती काही दिवसांनी. द्राक्षाचे आणि बेदाण्याचे गणित याहून अवघड. ‘मळ्यातली कुत्री पडलेले मणी खातातच, त्यांना काही होत नाही’ हे अनेकदा खरे असते आणि तरीही भरवशाचे नाही. मूत्रपिंडावरचा परिणाम द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे होत असावा असे मानले जाते आणि त्याचे प्रमाण वाणागणिक, पिकण्यागणिक बदलते. खाल्ल्याचे दिसले की उलटीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

पावसाळा भेकांचा, म्हणजे खरखरीत अंगाच्या बेडकांचा. कुत्र्याने भेक तोंडात धरला की भेकाच्या कानामागच्या ग्रंथींतला स्राव तोंडाला लागतो आणि कुत्रा फेसाळ लाळ गाळत डोके झटकू लागतो. तोंड खाली झुकवून बाजूने पाच-दहा मिनिटे पाणी सोडावे, ओल्या फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पाणी गिळले जाता कामा नये. बहुतेक कुत्री यातून सावरतात, पण झोकांड्या किंवा झटके आले तर दवाखाना.

साप हा गंभीर भाग. कुत्रा नाकाने शोधतो, म्हणून दंश थोबाडावर किंवा पुढच्या पायांवर होतो. घोणस गवतात न हलता पडून असते आणि कुत्रा तिच्या फुत्काराला घाबरण्याऐवजी चेकाळतो. दंशानंतर पट्टा लगेच काढावा, कारण सूज चढत जाते. आवळून बांधू नये, चिरू नये, चालवत नेऊ नये, उचलून न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष प्रत्येक पशुवैद्याकडे असेलच असे नाही, म्हणून निघण्याआधी फोन करावा.

मुंगसाने किंवा घुशीने चावा घेतला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस आधी झालेली असली तरी पशुवैद्याला दाखवावे. उंदरांमागे असणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी आणि जंताचे औषध दर तीन महिन्यांनी लागते.

संक्रांतीला येवल्यात आणि शहरातही कटलेल्या पतंगांमागे कुत्री धावतात. पायाला, जिभेला मांजा कापतो. ते दोन-तीन दिवस दोरीशिवाय बाहेर नेऊ नये.

वन्यजीव आणि कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पाठलाग करणे आणि हाकणे हेही येते. सशामागे कुत्रा सोडणे हा खेळ म्हणून खपत नाही. बोरगड संवर्धन राखीव (2008), ममदापूरचे काळवीट क्षेत्र आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेले नांदूरमध्यमेश्वर इथे कुत्रा न नेणेच बरे. गंगापूर धरणाच्या काठावर मार्च ते ऑगस्ट टिटवी उघड्या जमिनीवर तीन-चार अंडी घालते. ती ओरडत पंख ओढत चालू लागली तर कुत्रा तिच्यामागे जातो, आणि नेमके तेच तिला हवे असते. मालकाने मात्र पाऊल जिथे आहे तिथेच थांबवून मागे फिरावे, कारण अंडी पायाखाली असू शकतात.

शिकारी आणि सावज

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या ऊसपट्ट्यात ही साखळी उलटी फिरते. बिबट्याच्या खाण्यात कुत्रा नेहमीचा. धाडसी कुत्रा उसाच्या सरीत आवाजामागे शिरतो तो परत येत नाही, आणि ओट्यावर साखळीने बांधलेल्याला पळायलाही जागा नसते. धनगर मेंढीराख्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या मानेला धरतो. पाळीव कुत्र्यासाठी त्याच्यावर विसंबू नये. दिवस मावळण्याआधी कुत्रा छप्पर असलेल्या, चारी बाजूंनी बंद खोलीत घ्यावा. पिंजरा असेल तर गजांतून बिबट्याचा पंजा आत येणार नाही इतकी बारीक जाळी बाहेरून मारावी, आणि कुत्र्याची झोपायची जागा जाळीपासून दूर, मधोमध ठेवावी.