आधी कानावर, मग बांधावर

नव्या बियाण्याची खबर शेतकऱ्याला कुठून लागते आणि ते पेरायचं धाडस तो कुणाच्या भरवशावर करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिलेल्या २५९ शेतकऱ्यांपैकी सर्वांत जास्त जणांना पहिली खबर बियाणं विकणाऱ्यांकडून मिळाली होती. निर्णयावर सर्वांत जास्त वजन मात्र शेजाऱ्यांचं पडलं. तेही एकदम नाही. आधी थोड्या क्षेत्रावर पेरून बघायचं, मग वाढवायचं. १९४१पर्यंत दोघे सोडून सगळे संकरित मक्यावर आले होते.

यात अडाणीपणा नाही, हिशोब आहे. शेजाऱ्याची जमीन, पाऊस, पाणी बहुधा आपल्यासारखंच असतं आणि त्याची चूकही बांधावरून दिसते. १९८९मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू झालेल्या शेतीशाळा याच पायावर उभ्या आहेत. साधारण २५ जणांचा गट हंगामभर आठवड्यातून एकदा शेतात जमतो, रोपं तपासतो, कीड आणि मित्रकीटक मोजतो आणि मगच फवारायचं की नाही ते ठरवतो. खर्चिक आणि संथ काम आहे, पण असं शिकलेलं टिकतं.

घाईच्या सल्ल्याला मात्र फोनच लागतो, आणि तिथे लिपी आडवी येते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे मोजकीच माहिती मावते. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, वेलांटी वेगळी मोजली जाते: ‘फवारणी’ दिसायला चार अक्षरं, मोजायला सहा. मग मजकूर कापला जातो आणि कापताना नेमकी औषधाची मात्रा किंवा ‘वारा असेल तर थांबा’ हे वाक्य जातं. आवाजी संदेशात ही अडचण नाही, वाचता येण्याचीही अट नाही. मात्र पहिल्याच वाक्यात पीक आणि त्याची अवस्था सांगावी, म्हणजे ज्याच्या कामाचं नाही तो लगेच फोन ठेवील. एका संदेशात एकच काम सांगावं, आणि बटण दाबून पुन्हा ऐकायची सोय हवीच. ओल्या हातांनी कोण लिहून घेणार?

सर्वांत जास्त घोळ मात्रेत होतो. समजा, शिफारस एकरी २०० लिटर पाण्यात ४०० मिली अशी आहे. सल्ला देणारा ‘लिटरला २ मिली’ म्हणून मोकळा होतो. शेतकरी १६ लिटरच्या पंपात ३२ मिली टाकतो, तेही बरोबर. पण पीक लहान म्हणून किंवा झपाझप चालल्यामुळे एकर आठ पंपांतच उरकला, तर पाणी १२८ लिटर आणि औषध २५६ मिलीच पडलं. कीड वाचते, दोष औषधाला लागतो. म्हणून पंपाला किती आणि एकराला किती पंप, हे दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत. ‘एक झाकण’ हे माप तर कधीच देऊ नये. बाटलीगणिक झाकण बदलतं.

उलट दिशेनेही असंच होतं. शेतकरी पिवळ्या पानाचा फोटो पाठवतो आणि उत्तर लगेच हवं असतं. पण नत्र कमी पडलं की खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण रोप त्यांतलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. लोह असं हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. तोडून तळहातावर ठेवलेल्या पानाच्या फोटोत ते वरचं की खालचं, हेच कळत नाही. तेव्हा आधी शेताचा, मग मुळापासून शेंड्यापर्यंत अख्ख्या रोपाचा आणि शेवटी पानाच्या दोन्ही बाजूंचा जवळून फोटो मागवावा. सोबत लागवडीची तारीख आणि गेल्या पंधरवड्यात काय टाकलं, काय फवारलं, हे बोलून रेकॉर्ड करून घ्यावं.