गिरणगाव : लोकवस्ती आणि घरांची स्थित्यंतरे

गिरणगाव : मध्य मुंबईत कापडगिरण्यांच्या आसऱ्याने वसलेला कामगारवस्तीचा पट्टा. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकी, करी रोड, परळ, लोअर परळ, शिवडी, नायगाव, प्रभादेवी आणि वरळी हे भाग त्यात ढोबळमानाने धरले जातात. महापालिकेच्या नकाशावर या नावाचा विभाग नाही. ज्यांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चाले त्यांची वस्ती जिथवर, तिथवर गिरणगाव. दीडशे वर्षांत ही वस्ती दोनदा मुळापासून पालटली. आधी बागा-बंगल्यांच्या जागी गिरण्या आणि चाळी आल्या, पुढे गिरण्या-चाळींच्या जागी टॉवर. दुसऱ्या पालटात रोजगार आधी गेला आणि माणसे बऱ्याच नंतर गेली. गिरणी बंद पडली तरी खोली हातात राहिली आणि त्या खोलीनेच कामगारांच्या मुलाबाळांना शहरात धरून ठेवले. पुढे त्याच खोलीखालच्या जमिनीला मोल आले. गिरणगावातून मराठी कामगार का उठला, याचे उत्तर १९८२च्या संपात जितके शोधले जाते, तितकेच ते घरांच्या कायद्यांतही शोधायला हवे.

गिरण्यांपूर्वी परळ हे गावाबाहेरचे मोकळे, झाडीचे ठिकाण होते. मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान तिथे होते आणि धनिकांच्या बागा आसपास. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांचा धूर आणि दाट वस्ती परळपर्यंत पोचली. १८८०च्या दशकात गव्हर्नर मलबार पॉइंटला राहायला गेले, आणि त्या जुन्या वास्तूत १८९९ साली प्लेगची संशोधन प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था. उच्चभ्रूंनी सोडलेल्या या परळात शंभर वर्षांनी उच्चभ्रूच परत आले. मधल्या काळात जे घडले, ते गिरणगाव.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. ताडदेवच्या या गिरणीत उत्पादन १८५६ साली सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात गिरण्या उत्तरेकडे पसरत गेल्या आणि माणसांचा ओघही वाढला. रत्नागिरी जिल्ह्यातून सर्वाधिक, त्याखालोखाल सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या भागांतून. तेलंगणातील पद्मशाली विणकर, उत्तरेकडून आलेले भय्ये कामगार आणि मदनपुऱ्यात स्थिरावलेले मोमीन विणकर हेही या वस्तीचे घटक होते. भरती मुकादमाच्या हाती असे. तो आपल्या गावचा, नात्यातला, जातीचा माणूस लावून घेई. त्यामुळे खात्याखात्यांतली जातवारी वस्तीतही उतरली. विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नसे; धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार संघटनांपुढे ठामपणे मांडला. ते स्वतः परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत अनेक वर्षे राहत होते.

ही सुरुवातीला पुरुषांची वस्ती होती. १९११च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सुमारे ५३० स्त्रिया होत्या. बायको-मुले गावी, शेतीचा तुकडा गावी, आणि मिळवता माणूस मुंबईत, अशी कुटुंबाची विभागणी असे. यातूनच गावकीच्या खोलीची पद्धत रुजली. एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, ज्याची-त्याची पेटी भिंतीला, दोरीवर कपडे, वळकटी दिवसा गुंडाळलेली. रात्रपाळीवाला सकाळी येऊन आडवा होई, तोवर दिवसपाळीवाला उठून गेलेला असे. खोली दहा बाय बारा असली तरी तिच्यात वीस-पंचवीस जणांचा पत्ता असे. जेवण खानावळीत, आणि ही खानावळ म्हणजे बहुधा शेजारच्याच खोलीतील बाईने चालवलेली. या बायकांना सावकारी कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. गिरणीतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाया मोठ्या संख्येने होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. यंत्रे सुधारत गेली तशी पहिली गदा त्यांच्यावर आली.

कुटुंबे आली तेव्हा खोली तीच राहिली, तिचा वापर बदलला. कोपऱ्यात मोरी, मोरीवर पाण्याचे पिंप, वर पोटमाळा, एक लोखंडी खाट. खाटेवर म्हातारे, खाली मुले, पोटमाळ्यावर नवे लग्न झालेले जोडपे. बाहेरची गॅलरी हे घराचेच दुसरे दालन असे: अभ्यास, निवडण-टिपण, वाळवण, भांडण, सगळे तिथेच. नळ आणि संडास सामायिक. पाण्याच्या वेळेवर घराचे वेळापत्रक बसे. या जवळिकीचे गोडवे पुष्कळ गायले जातात. त्यात तथ्य आहे, कारण आजारपण, मयत, लग्न यांत चाळ खरोखरच उभी राहत असे. परंतु त्याच जवळिकीत स्त्रियांना अंघोळीपुरताही आडोसा मिळत नसे, आणि अनेक चाळी जातीनुसार वेगळ्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे.

सरकार घरबांधणीत उतरले ते साथीमुळे. १८९६ साली प्लेग आला. शहराची लोकसंख्या १८९१मध्ये सुमारे ८ लाख २२ हजार होती, ती १९०१मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढणे हे त्याचे मुख्य काम, आणि उठवलेल्यांसाठी चाळी बांधणे हे दुय्यम. पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई शिगेला पोचली तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ५० हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश बांधल्या गेल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आजचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ बीडीडी चाळी काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या. प्रत्येक मजल्यावर मधून लांबच लांब बोळ, दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या. गिरणीपासून दूर आणि सोयींनी अपुऱ्या असल्यामुळे वरळीच्या कित्येक चाळी सुरुवातीला रिकाम्या पडल्या होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांतल्या काहींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापर झाला. पुढे त्याच चाळी दलित वस्तीची, पोलिस कुटुंबांची आणि सरकारी नोकरांची ठाणी झाल्या.

१९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४०च्या पातळीवर भाडी गोठवली. गिरणगावच्या घरांच्या इतिहासात या कायद्याइतका खोल परिणाम कशाचाच झाला नाही. भाडेकरूला काढता येईना, भाडे वाढवता येईना. कामगाराला वारसाहक्काने चालणारे घर मिळाले. मालकाला मात्र दुरुस्तीत रस उरला नाही. भाड्यात जे मिळत नव्हते, ते पागडीत घेतले जाऊ लागले, म्हणजे खोली हस्तांतरित होताना रोखीत मिळणारी रक्कम. लाकडी तुळया कुजल्या, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. तेव्हा १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून भाडेकरूंवर उपकर बसवला. दक्षिण व मध्य मुंबईतल्या १९,६४२ इमारती या उपकराच्या कक्षेत आल्या. दुरुस्तीने त्या टेकू देऊन उभ्या राहिल्या, पण धोका टळला नाही. इमारत रिकामी करून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे तिथेच वीस-तीस वर्षे अडकल्याची उदाहरणे घरोघरी आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. एक लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही. कित्येक जण गावी परतले. उरलेल्यांनी भाजीची गाडी, वॉचमनची नोकरी, कुरिअर, रिक्षा असे मिळेल ते धरले. घर बायकांच्या कमाईवर चालू लागले. काही तरुण टोळ्यांकडे वळले. तरीही जवळजवळ दोन दशके वस्तीचा तोंडवळा फारसा बदलला नाही, कारण खोलीचे भाडे नगण्य होते. उत्पन्न थांबलेल्या कुटुंबालाही शहराच्या मध्यभागी राहणे परवडत होते.

दरम्यान बंद गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर पडून होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ने तिची वाटणी ठरवली: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ साली या कलमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, बांधकामाखालच्या जमिनीची नाही, असे ठरले. म्हणजे गिरणीची शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन हिशेबाबाहेर गेली आणि सार्वजनिक वाटा अगदीच आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली जनहित याचिकेवर याविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा सर्वांत महागडा बदल ठरला. मैदाने, शाळा, घरे यांसाठी इतकी सलग जमीन या शहराला पुन्हा मिळणार नव्हती.

त्यानंतर पालट वेगाने झाला. फिनिक्स गिरणीत मॉल आला, कमला मिल्समध्ये कार्यालये आणि उपाहारगृहे, श्रीनिवास मिलच्या आवारात गगनचुंबी निवासी मनोरे. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या लिलावात मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी, तर दादरच्या कोहिनूर क्रमांक ३ला ४२१ कोटी रुपये मिळाले. भाव चढताच शेजारच्या चाळींकडे विकासकांचे लक्ष गेले. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला मोफत घर आणि विकासकाला विक्रीसाठी जादा बांधकाम, असा व्यवहार असतो. किमान घर आधी २२५, पुढे ३०० चौरस फुटांचे. एकाच भूखंडावर मग दोन इमारती उभ्या राहतात: रस्त्याच्या कडेला भाडेकरूंची आणि मागे पोहण्याच्या तलावासह विक्रीची. दोघांची दारे वेगळी, लिफ्ट वेगळ्या, पार्किंग वेगळे.

भाडेकरूंपैकी अनेकांनी नवे घर विकले. तीन भावांचा वाटा एका घरात बसत नाही. विकून विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूरला तिघांनाही प्रत्येकी घर घेता येते. मेंटेनन्स हाही मोठा भाग आहे: ज्या कुटुंबाने शंभर-दोनशे रुपये भाड्यात आयुष्य काढले, त्याला लिफ्ट-पंपाचे महिन्याचे हजारो रुपये झेपत नाहीत. त्यांच्या जागी व्यापारी, वित्तीय कंपन्यांतले अधिकारी, डॉक्टर, गुजराती-मारवाडी कुटुंबे आली. मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग ओस पडले. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१मध्ये ३३.३८ लाख होती, ती २०११मध्ये ३०.८५ लाखांवर उतरली. टॉवर वाढले आणि माणसे घटली, यात विसंगती नाही: एका खोलीत आठ जण राहत तिथे आता तीन खोल्यांत तिघे राहतात, आणि काही घरे गुंतवणूक म्हणून बंदच असतात. सणाला मात्र जुनी वस्ती गोळा होते. लालबाग-चिंचपोकळीच्या गणेशोत्सव मंडळांचे कितीतरी कार्यकर्ते आज लोकलने येतात.

रात्रीची वस्ती घटली, दिवसाची फुगली. गिरणीच्या पाळ्यांसाठी बांधलेल्या स्थानकांवर कार्यालयांची गर्दी कोसळू लागली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या (आताचे प्रभादेवी) पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. जमिनीच्या वापरात एवढा बदल मंजूर करताना रस्ते-पूल तसेच ठेवले गेले, त्याची ही किंमत होती. आणखी एक तरती वस्ती परळमध्ये कायम आहे. १९२६चे केईएम आणि १९४१चे टाटा रुग्णालय यांच्यामुळे देशभरचे रुग्ण इथे येतात. त्यांचे नातेवाईक धर्मशाळांत, भाड्याच्या खोल्यांत आणि जागा न मिळाल्यास फुटपाथवर महिनोन्‌महिने काढतात.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत म्हाडाने जून २०१२मध्ये काढली: ६,९२५ घरे, आणि अर्ज जवळजवळ दीड लाख. पुढच्या सोडतींनंतरही बहुसंख्य अर्जदार प्रतीक्षेत राहिले, त्यांतले अनेक दरम्यान वारले आणि हक्क वारसांकडे गेला. मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरे देण्याच्या प्रस्तावाला संघटनांनी कडाडून विरोध केला आहे, आणि तो रास्त आहे: कामगारांनी ज्या जमिनीवर घाम गाळला ती मुंबईत आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास तुलनेने वेगळा ठरतो. जमीन सरकारी असल्यामुळे रहिवाशांना त्याच जागी ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी चाव्या दिल्या गेल्या.

गावकीच्या खोल्यांचा प्रश्न मात्र कोणत्याच योजनेत नीट बसलेला नाही. कायदा एका खोलीमागे एक भाडेकरू मोजतो, तर या खोल्यांच्या भाडेपावत्या गावमंडळाच्या किंवा एखाद्या जुन्या सभासदाच्या नावावर असतात आणि हक्क पन्नास-साठ घराण्यांचा असतो. पुनर्विकासात त्या सर्वांच्या वाट्याला मिळून एक घर येते. काही मंडळे ते विकून पैसा गावच्या देवळाला किंवा शाळेला लावतात, काही ते भाड्याने देतात. काहींनी मात्र नव्या इमारतीतही भिंतीला पेट्या लावून खोली पूर्वीसारखीच चालू ठेवली आहे, नोकरीच्या शोधात किंवा टाटा-केईएममध्ये उपचारांसाठी आलेल्या गावकऱ्याला उतरायला.