हिरडा: सह्याद्रीतल्या एका रानफळाची पार्श्वभूमी

जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पावसावरचा भात वर्षभर पुरत नाही. ती तूट महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरड्यावर भरून काढत आली आहेत. उन्हाळ्यात झाडावर चढून फळ उतरवायचे, अंगणात वाळवायचे आणि पावसाळ्याआधी विकून घरात चार पैसे आणायचे.

हे फळ जसजसे वाढते तसतसे त्याचे नाव बदलते. कोय धरण्याआधी तोडला तो बाळहिरडा, अर्धवट पोसलेला चांभारी, पूर्ण पिकलेला सुरवारी. चांभारी हिरड्याने कातडी कमावतात. एकोणिसाव्या शतकात हिरडा मुंबई बंदरातून इंग्लंडमधल्या चर्मोद्योगाला जात असे. पुढे क्रोमने कातडी कमावण्याची पद्धत आली आणि ती मागणी ओसरली. आता गिऱ्हाईक मुख्यतः औषधांचे, आणि चढा भाव बाळहिरड्याला. मला काळजी वाटते ती इथे. कोय धरायच्या आतच फळ उतरले, तर बी रुजणार कुठून? जुनी झाडे डौलात उभी दिसतात. त्यांच्याखाली रोपे किती आहेत, हे वाकून पाहायला हवे.

मालकीचा गुंता वेगळाच. १८७८च्या वनकायद्याने राखीव जंगले आखली आणि गावाचा पूर्वापार हक्क सरकारच्या मर्जीवरची सवलत होऊन बसला. व्यापाऱ्यांच्या लुटीला आळा घालायला १९७२मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७६च्या कायद्याने एकाधिकार खरेदी, म्हणजे माल फक्त महामंडळानेच विकत घ्यायची पद्धत, आली. १९८५मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. शेकरूला आसरा मिळाला, पण माणसांवरची बंधने वाढली. गौण वनोपजाची, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या मालाची, मालकी गावाकडे परत आणण्याची वाट १९९६च्या पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६च्या वनहक्क कायद्याने खुली केली. तरी कागदावरचा हक्क पाड्यापर्यंत पोचवायला ग्रामसभेला दावा, नकाशा आणि पुरावे घेऊन झगडावे लागते.

बरीच झाडे मालकीच्या रानातही आहेत. सह्याद्रीत अशी कितीतरी राने कोळशासाठी तुटली. हिरडा वाचला, तो दरवर्षी उत्पन्न देतो म्हणून. पण ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा भरपाईसाठी लोकांना आंदोलने करावी लागली. भाताचे नुकसान पंचनाम्यात सहज बसते. हिरडा हेही आमचे पीकच आहे, हे मात्र त्यांना सरकारला पटवून द्यावे लागले.