ट्रायम्फ टीआर ६ : प्रोग्रॅमेबल इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये रूपांतर

जुन्या स्पोर्ट्स कारचे मूळचे कार्ब्युरेटर किंवा यांत्रिक इंजेक्शन काढून त्याजागी लॅपटॉपवरून आकडे भरता येतील असे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवणे ही हौशी मोटारमंडळींत रुळलेली पद्धत आहे. पोर्शे ९११, जॅग्वार ई-टाइप, डॅटसन २४०झेड, एमजीबी अशा अनेक गाड्यांवर ती केली जाते. ब्रिटिश ट्रायम्फ टीआर ६ चे उदाहरण त्यांत जरा वेगळे पडते, कारण ही गाडी ब्रिटनमध्ये मुळातच इंजेक्शनसह विकली गेली होती. तिच्या बाबतीत इंजेक्शन नव्याने आणायचे नसते, फक्त पेट्रोल मोजण्याचे काम यंत्राकडून काढून संगणकाकडे द्यायचे असते.

मूळची यंत्रणा

टीआर ६ चे उत्पादन कोव्हेन्ट्रीच्या कॅनली कारखान्यात १९६८ ते १९७६ या काळात झाले. इंजिन २,४९८ घनसेंमी, एका ओळीत सहा सिलिंडर. याच इंजिनाची आधीची गाडी टीआर ५ (१९६७–६८) ही पेट्रोल इंजेक्शन मूळ साधन म्हणून घेऊन आलेली पहिली ब्रिटिश स्पोर्ट्स कार मानली जाते. अमेरिकेतल्या धूरनियमांमुळे तिकडे जाणाऱ्या गाड्यांना मात्र दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर मिळाले. टीआर ६ चे बहुतेक उत्पादन निर्यात झाले, त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांत कार्ब्युरेटरवाल्याच जास्त.

लुकास कंपनीची ही यंत्रणा शर्यतीतून आलेली होती. १९५७ ची ल मां शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार डी-टाइपवर लुकासचे यांत्रिक इंजेक्शन होते आणि फॉर्म्युला वनमध्ये गाजलेल्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनावरही तेच. टीआर ६ च्या डिकीतला विजेचा पंप पेट्रोलला सुमारे ७ बार दाब देतो. हे पेट्रोल इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरणाऱ्या मीटरिंग युनिटमध्ये येते. तिथल्या फिरत्या रोटरच्या पोटात एक छोटी शटल असते. पेट्रोलच्याच दाबाने ती दोन अडणींमध्ये मागेपुढे सरकते आणि प्रत्येक धक्क्याला एका सिलिंडरचा हप्ता बाहेर ढकलते. यातली एक अडण पक्की, दुसरी हलती. हलत्या अडणीची जागा मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) निर्वात आणि एक पडदा ठरवतो. इंजिनावर जोर आला की निर्वात कमी होतो, अडण मागे सरते, शटलचा फेरा वाढतो आणि पेट्रोल जास्त जाते. कल्पना देखणी आहे, आणि उत्तम अवस्थेतले युनिट आजही गाडी झकास खेचते.

अडचण त्याला काय कळत नाही इथे आहे. हवेचे तापमान त्याला कळत नाही. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की ती सहा टक्क्यांहून अधिक विरळ होते, युनिट मात्र पेट्रोल तेवढेच देते. उंचीचेही तसेच. आल्प्समधल्या २,७५७ मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओ घाटात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त कमी असतो. तिथे मिक्स्चर जड होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), प्लग काळे पडतात आणि गाडी मिसिंग करू लागते. डिकीतला पंप हा आणखी एक बदनाम भाग. त्याची मोटर लुकासच्या वायपर मोटरच्या घराण्यातली. उन्हाळ्यात, टाकी अर्ध्याखाली असताना, परत येणारे गरम पेट्रोल पुन्हा पंपात जाते, पंपात वाफ धरते आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पुष्कळ मालकांनी फक्त हा पंप काढून बॉशचा पंप लावला आणि बाकी सगळे तसेच ठेवले. निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच मिटतात, हे रूपांतराच्या भरात विसरले जाते.

नव्या यंत्रणेचे गणित

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्ये दाब साधारण ३ बारवर स्थिर ठेवतात आणि इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो यावर पेट्रोलचे माप ठरते. हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात.

टीआर ६ च्या एका सिलिंडरचे आकारमान ४१६ घनसेंमी. तो पूर्ण भरला तर त्यात सुमारे अर्धा ग्रॅम हवा मावते. १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या हिशेबाने ०.०३४ ग्रॅम, म्हणजे ०.०४६ घनसेंमी पेट्रोल लागेल. मिनिटाला १६५ घनसेंमी सोडणारा इंजेक्टर हे काम १६.७ मिलिसेकंदांत करतो. मिनिटाला ५,५०० फेऱ्यांना इंजिनाच्या एका चक्राला २१.८ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे इंजेक्टर जवळपास ७७ टक्के वेळ उघडा. ८० टक्क्यांच्या वर सहसा जाऊ देत नाहीत, म्हणून १५० अश्वशक्तीच्या मूळ इंजिनाला हे माप बरोबर बसते. त्याहून फार मोठा इंजेक्टर घेतला तर स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) त्याला इतका कमी वेळ उघडावे लागते की उघडण्या-मिटण्यात जाणारा सुमारे एक मिलिसेकंदच वरचढ ठरतो आणि इंजिन डचमळते. पुढेमागे ताकद वाढवू म्हणून आत्ताच मोठे इंजेक्टर घेणारे या फेऱ्यात हमखास सापडतात.

प्रत्यक्षात सिलिंडर दरवेळी पूर्ण भरत नाही. किती भरतो ते इंजिनाची गती आणि भार यांवर अवलंबून असते. त्याचा तक्ता संगणकात भरलेला असतो: आडव्या ओळीत फेऱ्या, उभ्या ओळीत भार आणि प्रत्येक चौकटीत भरण्याची टक्केवारी. मूळ तक्त्यावर हवेचे तापमान, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज यांच्या दुरुस्त्या चढतात. चोकचा दांडा निरुपयोगी होतो तो यामुळेच.

असे संगणक हौशी लोकांच्या आवाक्यात यायला बराच काळ गेला. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस केलेला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा प्रयोग फसला. बॉशचे डी-जेट्रॉनिक १९६७ मध्ये फोक्सवॅगनवर आले आणि टिकले, पण त्यातले आकडे मालकाला बदलता येत नसत. ऑस्ट्रेलियातल्या हॅलटेक आणि मोटेक या कंपन्या १९८० च्या दशकात उभ्या राहिल्या, तरी त्यांचे ग्राहक मुख्यतः शर्यतवाले. २००१ मध्ये ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः डाग देऊन जुळवायचा संच आणला आणि घरच्या गॅरेजमध्ये हे काम करणाऱ्यांची सोय झाली. पुढे अर्ड्विनो या छोट्या सर्किट बोर्डावर चालणारे स्पीडुइनो आले. ब्रिटनमध्ये एमराल्ड, ओमेक्स यांचे तयार डबेही टीआर मंडळींत चालतात.

हवा मोजायची कशी

डबा कोणता घ्यायचा यावर मालक महिनोन्‌महिने वाद घालतात. खरा प्रश्न हवा मोजण्याचा आहे. टीआर ६ च्या इंजेक्शनवाल्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र थ्रॉटल झडप (रेस दिल्यावर उघडून हवा आत सोडणारी) आहे, एकूण सहा. शिवाय सुरुवातीच्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तिखट आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे स्लोवर निर्वात अपुरा आणि थरथरता असतो. मॅनिफोल्डमधला दाब हाच भार मानणारी नेहमीची पद्धत इथे गडबडते. थ्रॉटल पाव उघडताच दाब जवळजवळ वातावरणाइतका होतो, आणि त्यापुढे तुम्ही किती रेस दिली हे संगणकाला उमगत नाही.

उपाय म्हणून दाबाऐवजी थ्रॉटलचा कोनच भार मानतात. ही पद्धत चढाला आणि जोरात चालवताना उत्तम, पण थ्रॉटलच्या पहिल्या दहा टक्क्यांत हवा इतकी झपाट्याने वाढते की तक्त्यातल्या ओळी तिथे दाट घ्याव्या लागतात. वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सरही हवाच, नाहीतर स्टेल्व्हिओचे रडगाणे पुन्हा सुरू. तिसरा मार्ग म्हणजे दोन्हींचे मिश्रण. सहाही नळ्यांतून बारीक छिद्रांनी निर्वात एका छोट्या डबीत गोळा करायचा म्हणजे त्याची थरथर कमी होते. कमी थ्रॉटलला दाब प्रमाण मानायचा आणि पुढे कोन. घरगुती वापराच्या गाडीला हाच सर्वांत मानवतो.

यातले काहीही चालण्याआधी झडपा एकसारख्या उघडल्या पाहिजेत. टीआर ६ च्या थ्रॉटलचे दांडे पन्नास वर्षांत झिजलेले असतात आणि त्यांच्या कडेने हवा आत शिरते. एक झडप केसभर जास्त उघडी राहिली तर तो सिलिंडर लीन होतो (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि एक्झॉस्टमध्ये सगळ्यांचा धूर एकत्र मोजणाऱ्या सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून दांडे, बुशा आणि जोडकांड्या नव्या करून हवामापकाने सहाही नळ्या जुळवणे हे लॅपटॉप उघडण्याच्या आधीचे काम.

गंमत अशी की अमेरिकी कार्ब्युरेटरवाल्या गाडीला सहा झडपा नसतात. तिच्या मालकाला एक सामाईक हवापेटी आणि एकच थ्रॉटल बसवता येतो, निर्वात स्वच्छ मिळतो आणि ट्युनिंग पुष्कळ सोपे जाते. थ्रॉटलला मिळणारा तो तडक प्रतिसाद मात्र त्यात थोडा बोथटतो.

बसवणी

इंजिनाची नेमकी स्थिती कळावी म्हणून पुढच्या पुलीवर ३६ पैकी एक दात गाळलेले चक्र लावतात. प्रत्येक दात दहा अंशांचा. टीआर ६ ची पुढची पुली रबराने जोडलेल्या दोन भागांची आहे. चक्र बाहेरच्या कड्यावर लावले आणि जुने रबर सरकले, तर दाखवलेले टायमिंग आणि खरे टायमिंग यांची फारकत होते. चक्र आतल्या हबवरच हवे.

हेच चक्र वापरून ठिणगीही संगणकाकडे देता येते. मग प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर काढून टाकण्याचा मोह होतो. पण ऑइल पंपाला फिरवणारा दांडा तिथूनच जातो, तो आणि त्याचे गिअर जागेवर ठेवावेच लागते. मीटरिंग युनिट निघाल्यावर उरलेल्या भोकाला झाकण लागते.

डिकीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा पंप, फिल्टर आणि वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले तरी पंप कोरडा पडू नये म्हणून छोटे साठवण-भांडे बसवतात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल नेहमीचे झाले आहे, त्यामुळे जुने रबरी पाइप सगळेच बदलावे लागतात. पंपाला रिले आणि धडकेत तो बंद पाडणारा स्विच, दोन्ही हवेत. संगणकाची आणि सेन्सरांची अर्थिंग थेट इंजिनावर एकाच ठिकाणी घेतात. सहा ठिकाणी विखुरलेली अर्थिंग हे गाडी मध्येच गचके खाण्याचे फार नेहमीचे कारण आहे, आणि दोष बिचाऱ्या तक्त्याला दिला जातो.

ट्युनिंग आणि फलित

एक्झॉस्टमध्ये मिक्स्चरचे प्रमाण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवून गाडी चालवतात आणि तक्त्याच्या चौकटी एकेक करून दुरुस्त करतात. संथ चालीला मिक्स्चर १४.७ च्या आसपास किंवा थोडे लीन, पूर्ण जोराला १२.५ ते १३. थंड इंजिनाच्या दुरुस्तीला वेळ लागतो, कारण इंजिन थंड एकदाच सापडते. पुढचा प्रयत्न दुसऱ्या सकाळी.

ताकदीचा फायदा मर्यादित आहे. नीट सांभाळलेल्या लुकास यंत्रणेपुढे मूळ इंजिनातून फारशी जादा अश्वशक्ती निघत नाही. खरा फरक स्टार्टिंग, स्लो, शहरातली चाल आणि ॲव्हरेज यांत पडतो. कॅम किंवा हेड बदललेल्या इंजिनाला मात्र रूपांतर जवळजवळ अपरिहार्य, कारण मीटरिंग युनिट नव्या इंजिनासाठी पुन्हा जुळवणारे कारागीर थोडेच उरले आहेत.

मूळपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही: जुने युनिट, पंप आणि नळ्या गाडीसोबत जपून ठेवल्या नाहीत तर गाडीची किंमत खाली येऊ शकते. म्हणून बॉडीला नवे भोक न पाडता, पुन्हा पूर्ववत करता येईल असे काम चांगले समजले जाते. कायद्याची बाजू देशागणिक बदलते. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे. म्हणजे त्याच घडणीच्या शेवटच्या, १९७६ च्या टीआर ६ ला नाही. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी मिळते, परंतु तिच्या चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. असे रूपांतर त्यात बसते की नाही, हे नोंदणीआधीच आरटीओत विचारून घेतलेले बरे.