चित्रकथेआधीचा फकिरा

वाळवा तालुक्यातल्या पोरांना फकिरा शिकवायचा, तोही कॉमिकमधून, असं कुणी म्हटलं की पहिला सवाल ठरलेला: दरोडेखोराचा धडा कशाला? इंग्रजांच्या लेखी फकिरा राणोजी साठे गुन्हेगारच होता. वाटेगावच्या मांगवाड्यात मात्र तो दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसं जगवणारा. अण्णाभाऊ साठे त्याच गावचे, त्याच भावकीतले. 1 ऑगस्ट 1920 ला ते जन्मले तेव्हा खजिना लुटून आलेल्या फकिरानं बाळंतिणीला दोन ओंजळी सुरती रुपये दिले, अशी आठवण सांगतात. चित्रकथेचं पहिलं पान आयतंच मिळालं म्हणायचं!

पण फकिरा घरोघर पोचला तो अण्णाभाऊंच्या 1959 च्या कादंबरीमुळे. 1961 मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, मग चित्रपटही आला. जोगणी (गावच्या जत्रेचा मान), फकिराचा बाप राणोजी याचा खून, हजेरी हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते कादंबरीतून. त्यातली हजेरी मात्र कल्पनेतली नव्हे. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 मध्ये देशभर लागू झाला. ज्या जमातीची नोंद झाली तिच्यातलं पोर जन्मतःच संशयित. मोठं झालं की पोलिसांपुढं हजेरी, परगावी जायचं तर परवाना. देशभरातून हा कायदा जायला 1952 उजाडलं. माझ्या मते कॉमिकचा कणा हाच हवा. घोडा, तलवार नंतर.

याच मुलखात पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. (तेव्हा हा सगळा सातारा जिल्हा; आजची सांगली 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळी निघाली.) प्रतिसरकारच्या लोकांनी जून 1943 मध्ये शेणोलीला पगाराची रेल्वे अडवली, 14 एप्रिल 1944 ला धुळ्याकडं चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. सरकारनं त्यालाही दरोडाच म्हटलं. स्वातंत्र्यानंतर ती लूट स्वातंत्र्यलढ्यात गणली गेली. फकिराची कादंबरीतच राहिली.

पोवाड्यात, वगात असल्या बंडखोरांना जागा होतीच. 1967 पासून अमर चित्र कथेनं इतिहास चौकटींत आणला. चित्रात एक पेच मात्र वाढतो. लेखक ‘खजिना लुटला’ एवढं लिहून पुढं सरकतो. चित्रकाराला तिथल्या पहारेकऱ्याचा चेहराही काढावा लागतो. तेव्हा कादंबरीतले प्रसंग एका रंगात आणि कायदा, तारखा, दप्तरी नोंदी दुसऱ्या रंगात छापाव्यात. पाचवी-सहावीच्या पोरांना तेवढा फरक सहज कळतो.